रक्ताची परतवाट

हृदयातून निघालेले रक्त पायाच्या अंगठ्यापर्यंत पोहोचते, यात फारसे नवल नाही. मागून हृदयाचा जोर असतो आणि उभ्या माणसात वाट उताराची असते. नवल आहे ते परतीच्या प्रवासाचे. केशवाहिन्यांचे जाळे ओलांडेपर्यंत हृदयाचा जोर जवळजवळ ओसरलेला असतो आणि घोट्यापासून छातीपर्यंतची चार फुटांची चढण समोर असते. रक्त ही चढण चढते ते मुख्यतः पोटरीच्या बळावर. चालताना टाच उचलली की पोटरीचे स्नायू आवळतात, त्यांच्यामधल्या खोल शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. स्नायू सैल पडले की ते पुन्हा खाली येऊ नये म्हणून शिरांच्या आत ठिकठिकाणी झडपा असतात. त्या वरच्या दिशेला उघडतात आणि खालच्या दिशेला मिटतात.

या व्यवस्थेत चालण्याला किती मोल आहे ते एका मोजमापावरून कळते. माणूस निश्चल उभा असला तर त्याच्या घोट्याजवळच्या शिरेतला दाब पाऱ्याच्या ८० ते ९० मिलीमीटरपर्यंत चढतो. तोच माणूस चालू लागला की निरोगी पायात तो २० ते ३० पर्यंत उतरतो. झडपा निकामी झाल्या तर चालूनही दाब पुरेसा उतरत नाही. मग कातडीखालच्या शिरा फुगतात, वेड्यावाकड्या होतात. संध्याकाळी पाय जड पडतात, घोट्यावर सूज येते, रात्री पोटरीत गोळे येतात. वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले तर घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळवंडते, खाजते, कडक होते आणि अखेर तिथे लवकर न भरणारी जखम होते. डॉक्टर याला व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात, घरी आपण पायाच्या शिरा फुगल्या असे म्हणतो.

हा आजार उभ्याने काम करणाऱ्यांना जास्त गाठतो. फळ्यासमोरच्या शिक्षिका, चौकातले वाहतूक पोलीस, कापड दुकानातले विक्रेते, भटारखान्यातले आचारी, केशकर्तनालयातले कारागीर, इचलकरंजी-भिवंडीच्या यंत्रमागांवर पाळी करणारे कामगार हे सगळे पायांवर असतात, पण चालत फार थोडे असतात. आनुवंशिकता, वाढते वय, वजन आणि गरोदरपण यांचाही त्यात मोठा वाटा असतो.

आयुर्वेदाने या दुखण्याकडे कसे पाहिले आणि त्यातले आज काय वापरावे, हा या प्रकरणाचा विषय आहे. माझे मत आधीच सांगतो. शिरांच्या बाबतीत आयुर्वेदाचे मोठे देणे एखाद्या चूर्णात किंवा तेलात शोधू नये. कोणते दुखणे बरे होईल, कोणते कष्टाने होईल आणि कोणते होणार नाही हे वैद्याने आधी ठरवावे, मग उपचाराला हात घालावा, ही शिस्त हेच त्याचे खरे देणे आहे. जाहिरातींतला आयुर्वेद नेमका हाच भाग गाळतो.

सुश्रुताच्या सातशे सिरा

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातला सातवा अध्याय सिरांच्या वर्णनासाठी राखलेला आहे. शरीरात सातशे सिरा आहेत, त्यांचे मूळ नाभीत आहे, आणि वात, पित्त, कफ व रक्त वाहणाऱ्या प्रत्येकी १७५ अशी त्यांची वाटणी आहे, असे सुश्रुत सांगतो. पाटाच्या पाण्याने जशी बाग आणि शेत भिजते तसे या सिरांनी शरीर पोसले जाते, हा दृष्टांतही त्याचाच. शेतीत वाढलेल्या वाचकाला तो समजावून सांगावा लागत नाही. पाट कुठे तुंबला तर अलीकडे पाणी साचते आणि पलीकडचे वाफे वाळतात. तुंबलेल्या पायात एकीकडे सूज आणि दुसरीकडे उपाशी कातडी का दिसते, ते या एका चित्रातून उमजते.

याच अध्यायात सुश्रुत शस्त्र लावू नये अशा ९८ सिरा मोजून देतो. हातापायांत १६, धडात ३२ आणि मानेच्या वर ५०. पुढचा अध्याय शीर टोचून रक्त काढण्याच्या विधीचा, म्हणजे सिरावेधाचा आहे. शल्यतंत्रात सिरावेध म्हणजे अर्धी चिकित्सा, इतका मोठा मान तिथे त्याला दिला आहे. मात्र कुठे टोचू नये याची यादी आधी आणि टोचण्याची रीत नंतर, असा क्रम आहे. बलवान रोग्यातही रक्त काढण्याची कमाल मर्यादा एक प्रस्थ या जुन्या मापाइतकी ठरवलेली आहे. शिवाय दूषित रक्त सगळेच्या सगळे काढण्याचा हट्ट धरू नये, थोडे राहिले तर ते औषधाने शमवावे पण अतिरेक करू नये, असेही बजावलेले आहे. धारदार शस्त्र हातात असलेल्या परंपरेने स्वतःला घातलेला हा बांध आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. शिरांमधल्या झडपांचे वर्णन संहितांत नाही. ते पादुआच्या फाब्रिसियसने १६०३ मध्ये प्रसिद्ध केले. त्याचा शिष्य विल्यम हार्वे याने १६२८ मध्ये रक्त हृदयातून निघून पुन्हा हृदयात येते हे प्रयोगांनी सिद्ध केले. धमन्या आणि शिरा यांना जोडणाऱ्या केशवाहिन्या माल्पिघीला सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या त्या १६६१ मध्ये. हे सारे आमच्या ग्रंथांत आधीच होते, असा दावा करून आयुर्वेदाची उंची वाढत नाही. त्याचे सामर्थ्य निरीक्षणात आहे. हृदयात राहून सर्व देहात वेगाने संचार करणारा व्यान वायू आणि कंबर, मूत्राशय, जांघ, मांड्या यांत वावरणारा अपान वायू या संकल्पनांतून वैद्य गतीचा विचार करत होते. पायाच्या शिरांचे दुखणे हे मुळात गती अडल्याचे दुखणे आहे, म्हणून तो विचार आजही उपयोगी पडतो. अपान अडला, म्हणजे बद्धकोष्ठ झाले, की माणूस कुंथतो, पोटातला दाब वाढतो आणि पायांतून वर येणाऱ्या रक्ताची वाट अडते. पायाच्या शिरांसाठी आलेल्या रोग्याला वैद्य पोट साफ होते का हे विचारतात, त्यामागे हा संबंध आहे.

सिराग्रंथी: निदानात दडलेला इशारा

सुश्रुताने निदानस्थानात पाच प्रकारच्या ग्रंथी सांगितल्या, त्यांतली एक सिराजन्य. दुबळ्या माणसाने झेपणार नाहीत इतके श्रम केले की वायू सिरांच्या जाळ्यात शिरतो, त्यांना दाबतो, आखडवतो, सुकवतो आणि उंच गोल गाठ उठते, असे तो म्हणतो. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात या वर्णनात पायी प्रवास करणारा माणूस आणला. चालून थकलेला माणूस एकदम पाण्यात उतरला किंवा श्रमाने गळून गेला, तर वायू रक्तासह सिरांचे जाळे दाबतो आणि वाकडे करतो. ठणका नसलेली, न उडणारी ती गाठ म्हणजे सिराग्रंथी. महाराष्ट्रात अष्टांगहृदयाची परंपरा जुनी आहे. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, याने तेराव्या शतकात या ग्रंथावर आयुर्वेदरसायन नावाची टीका लिहिली.

सिराग्रंथी म्हणजे तंतोतंत व्हेरिकोज व्हेन असे मी म्हणणार नाही. रक्त गोठून कडक झालेली शीर किंवा शिरेशी संबंधित दुसरी एखादी गाठही त्या वर्णनात बसू शकेल. तरी त्यातले दोन धागे महत्त्वाचे आहेत. पहिला म्हणजे कारणाचा. शरीराच्या बळापलीकडचे श्रम आणि पायांवर पडणारा ताण या दोन्हींची नोंद तिथे आहे. दुसरा साध्यासाध्यतेचा. गाठ दुखरी आणि हलणारी असेल तर ती कष्टसाध्य. न दुखणारी, न हलणारी, मोठी आणि मर्मावर असलेली गाठ असाध्य. याच्या आधारे सुश्रुताचा विद्यार्थी रोग्याला आशा किती द्यायची ते ठरवत असे.

उपचाराची दिशा वाग्भट थोडक्यात देतो. गाठ नवी असेल तर सहचराने सिद्ध केलेले तेल पोटात, वरून वातहर द्रव्यांचा उपनाह म्हणजे गरम लेप बांधणे, बस्ती म्हणजे गुदमार्गे औषध देणे, आणि सिरावेध. त्यातला "नवी" हा शब्द नजरेआड करू नये. जुनाट गाठीला तेच आश्वासन दिलेले नाही. सहचर म्हणजे आपल्याकडची कोरांटी मानली जाते. केरळात त्या नावाने वेगळी वनस्पती वापरतात आणि तिथले सहचरादी तैल आज देशभर या दुखण्यासाठी दिले जाते. पोटात घेण्याचे तेल आणि बस्ती हे मात्र वैद्याच्या देखरेखीखालचे उपचार आहेत, दुकानातून बाटली आणून करण्याचे नव्हेत.

चालणे, तेल आणि पट्टी

रोजच्या वापरात सर्वांत जास्त फळ देणाऱ्या गोष्टी अगदी साध्या आहेत.

पहिली गोष्ट व्यायामाची. संहितांचा नियम अर्ध्या शक्तीचा आहे. दम लागू लागला, कपाळावर घाम आला की थांबावे. पायाच्या शिरांना हेच मानवते. रोज अर्धा तास मोकळ्या पावलांनी चालणे, पोटऱ्या आवळून टाचा उचलणे, घोटे वरखाली हलवणे. उभ्याने काम असेल तर दर थोड्या वेळाने चार पावले टाकावीत. ते शक्य नसेल तर जागच्या जागी वीस-पंचवीस वेळा टाचा उचलाव्यात. घरी आल्यावर भिंतीला पाय टेकवून पंधरा मिनिटे पडावे, म्हणजे पाय हृदयाच्या वर राहतात आणि साचलेले रक्त उतारावरून परत जाते. हठयोगातल्या विपरीतकरणीचे हे सोपे रूप आहे.

दुसरी गोष्ट तेलाची. वाग्भटाने अभ्यंग, म्हणजे अंगाला तेल लावणे, रोजच्या दिनचर्येत घातला आणि डोके, कान व तळपाय यांवर विशेष भर दिला. आपल्या घरांत काशाच्या वाटीने तळपायाला तूप किंवा तेल चोळण्याची पद्धत अजून टिकून आहे. दिवसाच्या शेवटी पाय आपल्या हातात घेऊन पाहण्याची ती वेळ असते. नवी सूज, रंग बदललेला डाग, लहानशी जखम तेव्हाच नजरेस पडते. कोरडी, खाजरी कातडी तेलाने मऊ राहते आणि फुटत नाही. फुगलेल्या शिरा असतील तर मात्र तेल हलक्या हाताने, पावलाकडून मांडीकडे लावावे. शिरेवर जोर देऊन रगडू नये. तेलाने शिरेतली झडप दुरुस्त होत नाही. पायाला आराम मिळतो आणि कातडी जपली जाते, तेवढा लाभही मोलाचा आहे.

तिसरी गोष्ट बांधण्याची. आयुर्वेदाचे हे देणे आज फारसे कुणाला आठवत नाही. सुश्रुताने चौदा प्रकारचे बंध सांगितले. त्यांतला अनुवेल्लित हा हातापायांसाठी, वेढे देत गुंडाळायचा. बंध घट्ट, मध्यम की सैल हे शरीराच्या जागेप्रमाणे आणि दोषाप्रमाणे ठरवायचे, हा नियमही त्याने घालून दिला. त्याचे बंध प्रामुख्याने व्रणांसाठी होते. शिरांच्या विकारात आज सर्वत्र मान्य असलेला उपायही दाब देण्याचाच आहे. घोट्याशी जास्त आणि वर कमी होत जाणारा दाब देणारे मोजे सकाळी पाय सुजण्याआधी चढवावेत आणि झोपताना काढावेत. घोट्याजवळची जुनी जखम भरण्यात या दाबाचा वाटा मोठा असतो. व्रणाचे साठ उपक्रम सांगणाऱ्या आणि त्यांत बंधाला स्थान देणाऱ्या सुश्रुताच्या वारसाने लवचीक पट्टीला परके मानण्याचे कारण नाही. दाब देण्याआधी एक तपासणी मात्र हवीच. पायाच्या धमन्या अरुंद झालेल्या असतील तर घट्ट मोज्याने उरलेसुरले रक्तही अडते आणि पाय धोक्यात येतो.

जळूचे शास्त्र

रक्तमोक्षणाचा, म्हणजे रक्त काढण्याचा, सर्वांत सौम्य मार्ग म्हणजे जळू. राजे, श्रीमंत, मुले, म्हातारी माणसे, भित्रे, दुबळे, स्त्रिया आणि नाजूक प्रकृतीचे लोक यांच्यासाठी सुश्रुताने तो सुचवला. त्याने बारा जातींच्या जळवा वर्णिल्या, सहा विषारी आणि सहा निर्विष. जळवा ठेवलेल्या भांड्यातले पाणी आणि त्यांचे खाद्य दर तीन दिवसांनी नवे द्यायचे, भांडे दर सात दिवसांनी बदलायचे. रक्त प्यालेल्या जळवेच्या अंगावर तांदळाचा कोंडा टाकून, तोंडाला तेल-मीठ लावून, शेपटीकडून तोंडाकडे हळूच दाबत तिला ओकवायचे. मग तिला सात दिवस पुन्हा लावायचे नाही. इतके बारकावे केवळ ऐकीव माहितीतून येत नाहीत, वर्षानुवर्षे जळवा सांभाळणाऱ्या हातांनाच ते सुचतात.

या उपचाराला आधुनिक विज्ञानाने वेगळ्या दारातून आत घेतले. जळवेच्या लाळेत रक्त न गोठू देणारे द्रव्य असते, हे जॉन हेक्राफ्टने १८८४ मध्ये दाखवले. पुढे ते हिरुडिन म्हणून ओळखले गेले. १९८५ मध्ये बोस्टनला जोसेफ अप्टन या शल्यविशारदाने एका लहान मुलाचा तुटलेला कान जोडला. धमनीतून रक्त आत येत होते, पण शिरांतून बाहेर पडत नव्हते. तिथे जळवांनी साचलेले रक्त ओढून घेतले आणि कान वाचला. २००४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वैद्यकीय जळवांना मान्यता दिली. शिरांतून परतणारे रक्त तुंबणे हाच या वापराचा विषय आहे.

पायाच्या शिरांच्या विकारात जळवांमुळे खाज, ठणका आणि काळवंडलेल्या भागातली सूज कमी झाल्याचे अनेक वैद्य पाहतात. तरीही जळू तुंबलेले रक्त काढते, ते तुंबवणारी झडप दुरुस्त करत नाही. जळवेच्या आतड्यात एरोमोनास जातीचे जंतू असतात, त्यांच्यापासून जंतुसंसर्ग होऊ शकतो. शिवाय एकदा एका रोग्याला लावलेली जळू दुसऱ्याला कधीही लावू नये. रक्त पातळ करणारी औषधे घेणारे, पंडुरोगी, रक्त न गोठण्याचा आजार असलेले, गरोदर स्त्रिया आणि पायातला रक्तपुरवठा कमी झालेले मधुमेही यांनी या उपचारापासून दूर राहावे.

झाडपाल्याचा हिशेब

मंजिष्ठा आणि अनंतमूळ ही रक्तप्रसादक म्हणून, पुनर्नवा सुजेवर, गुग्गुळाचे कल्प वाताच्या आणि मेदाच्या विकारांत अशी परंपरेची विभागणी आहे. पायाच्या शिरांसंबंधी आधुनिक अभ्यासाचा त्यातल्या त्यात आधार आहे तो मंडूकपर्णीला. पाणथळ जागी जमिनीसरशी पसरणारी, वाटोळ्या पानांची ही वेल कोकणात कारिवणा म्हणून ओळखतात. तिच्यातल्या घटकांच्या अर्काने पायाची सूज आणि जडपणा कमी होतो असे लहान अभ्यासांत दिसले आहे, मोठ्या अभ्यासांची गरज अजून आहे. बाजारात ब्राह्मी या एकाच नावाने दोन वेगळ्या वनस्पती मिळतात, म्हणून घेताना पान पाहून आणि वैद्याला विचारूनच घ्यावी.

हृदयासाठी अर्जुनसादडा प्रसिद्ध आहे. शिरांवरही तो तसाच चालेल असे गृहीत धरू नये. लसूण, हळदीचे तीव्र अर्क आणि गुग्गुळ यांनी रक्तस्रावाची प्रवृत्ती वाढू शकते. वॉरफॅरिन, क्लोपिडोग्रेल किंवा ॲस्पिरिन चालू असेल तर हे डॉक्टर आणि वैद्य दोघांच्याही कानावर घालावे. स्वयंपाकातली चिमूटभर हळद आणि दोन पाकळ्या लसूण यांना भ्यायचे कारण नाही. पथ्यासाठी चरकाचा विधिशोणितीय अध्याय आजही मार्गदर्शक आहे. अति खारट, अति आंबट, अति तिखट आणि दिवसाची झोप यांना तो रक्त बिघडवणाऱ्या कारणांत धरतो. मीठ कमी केले की सूज उतरायला मदत होते. भाजी, फळे, कोंड्यासह भाकरी आणि पुरेसे पाणी यांनी पोट साफ राहते आणि कुंथावे लागत नाही.

कुठे थांबावे

पायाच्या शिरांचे काही प्रसंग घरच्या उपायांचे नाहीत. एकच पोटरी अचानक सुजली, गरम झाली, दाबताना दुखू लागली, विशेषतः शस्त्रक्रियेनंतर, बाळंतपणानंतर, लांबच्या प्रवासानंतर किंवा प्लास्टर घातलेले असताना, तर खोल शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. अशा पायाला मालीश करू नये, शेक देऊ नये. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीव जातो. पायाच्या दुखण्यासोबत धाप लागली, छातीत कळ आली तर एक मिनिट न दवडता रुग्णालय गाठावे. फुगलेली शीर फुटून रक्त वाहू लागले तर पाय उंच करून त्या जागी कापडाने घट्ट दाब द्यावा आणि डॉक्टरकडे जावे. चालताना पोटरी दुखून थांबावे लागत असेल आणि पाय थंड, फिकट पडत असेल तर तो धमन्यांचा आजार असू शकतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत तो वारंवार दिसतो, त्याचे उपचार वेगळे आहेत आणि त्यातला पहिला उपचार धूम्रपान थांबवणे हा आहे.

ज्यांच्या शिरा मोठ्या फुगल्या आहेत, कातडी काळवंडली आहे किंवा जखम झाली आहे, त्यांनी डॉपलर सोनोग्राफी करून घ्यावी. कोणती झडप कुठे निकामी आहे आणि खोल शिरा मोकळ्या आहेत का, हे त्यात दिसते. बिघडलेली शीर लेझरने किंवा रेडिओलहरींनी आतून बंद करणे, फेसाच्या औषधाचे इंजेक्शन देऊन ती मिटवणे हे उपचार आज कमी त्रासाचे झाले आहेत. निकामी झडप कोणत्याही तेलाने किंवा गोळीने पूर्ववत होत नाही, आणि तसे आश्वासन देणारी जाहिरात सुश्रुताच्या शाळेत उत्तीर्ण झाली नसती.

म्हणून वैद्याकडे जाणाऱ्याने मोकळेपणी तीन प्रश्न विचारावेत. माझे दुखणे साध्य आहे, कष्टसाध्य आहे की असाध्य? या उपचाराने नेमके काय सुधारेल आणि काय तसेच राहील? कोणते लक्षण दिसले तर तुम्ही मला दुसरीकडे पाठवाल? जो वैद्य या तिन्हींची सरळ उत्तरे देतो, त्याच्या हाती पाय निर्धास्त सोपवावा. चालणे, तेल, पथ्य, पट्टी आणि वेळेवर केलेले रक्तमोक्षण यांतून तो खराखुरा आराम देऊ शकतो. जो उत्तर टाळून बाटली पुढे करतो त्याच्याकडून उठून यावे, कारण असाध्याला असाध्य म्हणण्याचे धैर्य हाही शास्त्राचाच भाग आहे.